गर्भाशयाचा क्षय: निदानाचा घोळ, उपचारांची मर्यादा

लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू होतात. रक्ताच्या होतात, सोनोग्राफी होते, नवऱ्याच्या वीर्याची तपासणी होते. मग कधीतरी गर्भाशयाच्या अस्तराचा छोटासा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी कागद हातात पडतो: टीबी पीसीआर पॉझिटिव्ह. बाईला खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेले नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. मग त्या एका कागदावर सहा महिने टीबीच्या गोळ्या द्याव्यात का?

वंध्यत्वाच्या दवाखान्यांत हा प्रश्न रोज उभा राहतो आणि त्याची दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक डॉक्टर म्हणतात, ‘लगेच सुरू करू.’ तोच कागद घेऊन बाई दुसऱ्यांकडे गेली तर ते म्हणतात, ‘याला काही अर्थ नाही, फाडून टाका.’ दोघेही अनुभवी असतात आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार असतो. या विषयावर जे लिहिले गेले आहे ते वाचताना माझे मत असे बनले आहे की आपल्याकडे दोन्ही चुका एकाच वेळी होत आहेत. आजार असलेल्या अनेकींना तो गर्भनळ्या निकामी झाल्यावर कळतो, आणि आजार नसलेल्या अनेकींना गोळ्या खाव्या लागतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: सगळा निकाल एका तपासणीवर सोडणे.

आजार पोचतो कसा

टीबी म्हटले की फुप्फुस, ही समजूत पक्की आहे. पण हा जिवाणू फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि हाडे, मेंदूची आवरणे, मूत्रपिंड, लसिकाग्रंथी, कुठेही घर करतो. स्त्रीच्या जननमार्गातला टीबी जवळजवळ नेहमीच असा दुसरीकडून आलेला असतो. मूळ संसर्ग लहानपणी किंवा किशोरवयात होतो, छातीतली जखम भरून येते, कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण तेवढ्या काळात रक्तातून गेलेले थोडे जिवाणू गर्भनलिकांत मुक्काम ठोकतात. पुढे वर्षानुवर्षे काही होत नाही. म्हणूनच वंध्यत्वासाठी आलेल्या या बायकांपैकी पुष्कळजणींचा छातीचा एक्स-रे नॉर्मल असतो. नवऱ्याच्या जननमार्गात टीबी असेल तर लैंगिक संबंधातून संसर्ग होऊ शकतो, पण ते क्वचितच.

वैद्यकाला हा आजार नवा नाही. इटलीच्या मॉर्गान्यी यांनी १७४४ मध्ये एका तरुण मृत स्त्रीच्या शवविच्छेदनात गर्भाशय आणि नलिका दह्यासारख्या घट्ट पदार्थाने भरलेल्या पाहिल्याची नोंद आहे. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये टीबीचा जिवाणू दाखवला, त्याच्याही सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट.

आजार सर्वाधिक कुठे बसतो, याबद्दल मात्र वाद नाही. स्पेनमधल्या नोगालेस-ऑर्तिस आणि सहकाऱ्यांनी ३१ वर्षांत जमलेल्या १,४३६ रुग्णांच्या ऊतींचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नलिका सगळ्यांच्याच बाधित होत्या. गर्भाशयाचे अस्तर निम्म्याहून अधिक रुग्णांत बाधित होते, अंडाशय आणि गर्भाशयमुख त्याहून कमी, योनीमार्ग अगदीच विरळा. हा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण निदानाचा अर्धा घोळ त्यातच आहे. आजार राहतो नळीत आणि आपण तुकडा घेतो अस्तराचा. नळीतून काही झिरपून अस्तरात आले असेल तर ते सापडणार. नसेल आले, तर रिपोर्ट निगेटिव्ह येणार आणि आजार जागेवरच राहणार.

नळीचे नेमके काय बिघडते तेही पाहू. बीजांड पुढे ढकलणारी आतली सूक्ष्म रोमके झडतात, भिंत जाड होते, जागोजागी अरुंद होते, शेवटी पोकळी बंद होते किंवा पाण्याने फुगते. सुरुवातीच्या काळात नळी उघडी दिसते, पण काम करत नाही. फलित बीज तिथेच अडकले तर नळीत गर्भ राहतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. अस्तरात आजार मुरला तर पाळी अंगावर कमी जाऊ लागते, दोन पाळ्यांतले अंतर वाढते, कधी पाळी पूर्ण थांबते. आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. सगळी पोकळीच बुजून जाते, त्या टोकाच्या अवस्थेला नेटर यांचे नाव दिले गेले आहे.

लक्षणे सांगायची तर ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, पाळीची तक्रार, कधी संध्याकाळचा बारीक ताप. पण बऱ्याचजणींना यातले काहीच नसते. मूल न होणे हीच एक तक्रार.

किती जणींना

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे हा आजारही इथे जास्त. वंध्यत्वासाठी येणाऱ्या स्त्रियांमधले प्रमाण भारतीय अभ्यासांत तीन टक्क्यांपासून सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. केवळ नळ्या बंद असलेल्यांचा गट पाहिला तर आकडा आणखी चढतो. इतकी तफावत का? एक तर मोठ्या रुग्णालयांत निवडक, बिघडलेल्या केसेसच पोचतात. दुसरे आणि जास्त महत्त्वाचे कारण म्हणजे कोणी फक्त बायोप्सी किंवा कल्चर धरले, कोणी पीसीआर धरला, कोणी दुर्बिणीतून दिसलेले धरले. व्याख्या बदलली की आकडा बदलतो. म्हणून ‘आपल्याकडे पाचातल्या एकीला गर्भाशयाचा टीबी असतो’ अशी वाक्ये व्याख्यानात ऐकली की मी आधी विचारतो, कुठल्या तपासणीने?

तुकडा आणि बाटली

हा आजार पकडणे कठीण आहे, कारण नमुन्यात जिवाणू फार थोडे असतात. थुंकीच्या टीबीत सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसतात, कारण तिथे त्यांची गर्दी असते. सूक्ष्मदर्शकाला एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जिवाणू लागतात. अस्तराच्या तुकड्यात इतके सहसा नसतातच. कल्चरला दहा ते शंभर जिवंत जिवाणू पुरतात, पण वेळ लागतो: जुन्या घन माध्यमावर सहा ते आठ आठवडे, द्रव माध्यमात त्याहून कमी. कल्चर पॉझिटिव्ह आले तर निदान पक्के, आणि औषधे लागू पडतील की नाही तेही कळते. मुंबईसारख्या, औषधप्रतिरोधी टीबी मुळे धरून बसलेल्या शहरात या दुसऱ्या माहितीची किंमत मोठी आहे.

ऊतितपासणीत गाठीसारखी विशिष्ट रचना, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसली तर आपल्याकडे ती टीबीचीच मानली जाते. अडचण अशी की अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर गळून पडते, त्यामुळे ग्रॅन्युलोमा तयार व्हायला पुरेसा काळच मिळत नाही. यावर उपाय जुना आणि साधा आहे: तुकडा पाळी यायच्या दोन-तीन दिवस आधी घ्यावा, अस्तर सर्वांत जुने असताना. तुकडा गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्यांतूनही घ्यावा, जिथे नळ्या येऊन मिळतात. ही गोष्ट स्त्रीरोगाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्यक्षात तुकडा घेतला जातो ऑपरेशन थिएटरची तारीख मिळेल त्या दिवशी.

त्याहून क्षुल्लक वाटणारी आणि त्याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे बाटली. क्युरेटिंग झाल्यावर सिस्टर तुकडा उचलतात आणि तयार ठेवलेल्या फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. बायोप्सीसाठी ते बरोबरच आहे, फॉर्मालिनमध्ये ऊती टिकते. पण फॉर्मालिन जिवाणूही मारते. त्या बाटलीतल्या तुकड्यावर कल्चर कधीच उगवणार नाही. जनुकीय तपासणीचा निकालही त्याने बिघडू शकतो. त्यासाठी तुकड्याचा दुसरा भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत, त्याच दिवशी प्रयोगशाळेत जायला हवा. दुसरी बाटली ठेवायला काही खर्च नाही. ती आधी ट्रेमध्ये नसली तर मात्र महिनाभर थांबून बाईला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते, आणि तसे सहसा कोणी घेत नाही. फाइलवर ‘कल्चर: नमुना अयोग्य’ एवढेच राहते.

त्वचेवरची मँटू आणि रक्तातली इग्रा तपासणी इथे फारशी उपयोगी नाही. शरीराची कधीकाळी या जिवाणूशी गाठ पडली होती, एवढेच त्या सांगतात. भारतात प्रौढांपैकी मोठ्या हिश्श्याची ती पडलेली असते. आजार आत्ता आहे का, हे त्यांतून कळत नाही. ईएसआर वाढायला शंभर कारणे. रक्तातले सीए-१२५ वाढते खरे, पण त्यातून भलताच गोंधळ होतो: पोटात पाणी, अंडाशयाजवळ गोळा आणि सीए-१२५ चढलेले, म्हणून कर्करोग समजून पोट उघडले आणि निघाला टीबी, अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापून आल्या आहेत. रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी सांगणाऱ्या किटवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. तरीही जुन्या फाइलींत ‘टीबी आयजीजी, आयजीएम’चा कागद अजून सापडतो. कोणी तुम्हाला तो दाखवून उपचार सुचवले, तर डॉक्टर बदला.

पीसीआरचा वाद

आता मूळ प्रश्नाकडे. पीसीआर जिवाणूच्या जनुकीय धाग्याचा बारीकसा तुकडा शोधते आणि त्याच्या लाखो प्रती काढते. नमुन्यात दहा-पंधरा जिवाणू असले तरी ती हुडकते. ज्या आजारात जिवाणूच थोडे, तिथे ही तपासणी वरदान ठरायला हवी होती.

पण तिच्या याच गुणात तिचा दोष आहे. धागा जिवंत जिवाणूचा आहे की मेलेल्याचा, ते ती सांगत नाही. जुना, शरीराने कधीच आटोक्यात आणलेला संसर्गही पॉझिटिव्ह दिसू शकतो. प्रयोगशाळेत शेजारच्या नमुन्याचा अंश उडाला तरी पॉझिटिव्ह. आणि पीसीआर ही काही एक तपासणी नव्हे. प्रत्येक प्रयोगशाळा वेगळा जनुकीय खंड शोधते, वेगळी पद्धत वापरते. फार वापरला गेलेला आयएस६११० हा खंड भारतात, विशेषतः दक्षिणेत, काही जिवाणूंमध्ये नसतोच. म्हणजे त्यावर भरवसा ठेवला तर खरा आजार निसटू शकतो. एकाच बाईचा एका लॅबमधला पॉझिटिव्ह रिपोर्ट दुसऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह येतो तो यामुळे.

सरकारी कार्यक्रमातल्या सीबीनॅट यंत्रावरची तपासणी बंदिस्त काडतुसात होते, त्यामुळे भेसळीचा धोका फार कमी. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचे औषध चालेल का हेही ती सोबतच सांगते. पण तिला एका मिलिलिटरमध्ये शंभराहून अधिक जिवाणू लागतात. तिच्या नव्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीला सोळाच्या आसपास पुरतात. अस्तराच्या नमुन्यात ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नसतो. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र, ज्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली, तालुक्याच्या रुग्णालयातही चालते ही मोठीच सोय झाली. पण थोड्या जिवाणूंची अडचण तिथेही तीच.

मग खासगी लॅबचा पीसीआर पॉझिटिव्ह आला आणि बाकी सगळे निगेटिव्ह असेल तर? उपचाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. ग्रॅन्युलोमा दिसेपर्यंत, नळ्या गाठाळ होईपर्यंत थांबलो तर गोळ्यांनी जिवाणू मरेल, नळी काही परत मिळणार नाही. पीसीआर ज्या टप्प्यावर बोलते, नेमका तोच वाचवण्याचा टप्पा. चंडीगडमधून २०१२ मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात केवळ पीसीआरच्या आधारे उपचार दिलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेचे निकाल चांगले दिसले. दिल्लीच्या एम्समधूनही त्याच सुमारास त्या बाजूला झुकणारे निष्कर्ष आले.

हे अभ्यास मी हलके लेखत नाही. पण त्यांत पीसीआर पॉझिटिव्ह स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केलेली नव्हती, एका गटाला गोळ्या आणि दुसऱ्याला नाही, अशी. वंध्यत्वात ही उणीव फार जाणवते, कारण वंध्यत्वाचे कारण न सापडलेल्या जोडप्यांतल्या बऱ्याचजणींना काही न करताही पुढच्या वर्ष-दोन वर्षांत दिवस राहतात. शिवाय गोळ्या सुरू असताना दुर्बिणीची तपासणी झालेली असते, नळ्या धुतल्या गेलेल्या असतात, इतरही उपचार चालू असतात. यश कोणाच्या खात्यावर मांडायचे?

देशाची फुप्फुसेतर टीबीची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली, ‘इंडेक्स-टीबी’ या नावाने. त्यांत जननमार्गातल्या टीबीचे निदान तीन गोष्टींवर बेतले आहे: नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कल्चरमध्ये जिवाणू सापडणे, ऊतितपासणीत टीबीला साजेसे बदल दिसणे, किंवा दुर्बिणीतून टीबीची ठळक चिन्हे दिसणे. यांपैकी एक हवेच. खासगी लॅबचा एकटा पीसीआर या यादीत नाही. मला ही भूमिका योग्य वाटते, पण अर्धवट पाळली तर ती घातकही ठरते. ‘पीसीआर पॉझिटिव्ह आहे, बाकी काही नाही, जा घरी’ असे म्हणणे म्हणजे मार्गदर्शक तत्त्व पाळणे नव्हे. पॉझिटिव्ह पीसीआरने शोध सुरू व्हायला हवा: घरात कोणाला टीबी होता का, पाळी कमी झाली आहे का, सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसते का, पाळीआधी पुन्हा नीट तुकडा घ्यायचा का, आणि दुर्बीण घालून पाहायचे का.

दुर्बिणीतून काय दिसते

बेंबीजवळच्या छोट्या छेदातून दुर्बीण आत गेली की अनुभवी डोळ्याला अंदाज येतो. आतड्यांवर आणि नळ्यांवर बाजरीएवढे पांढरट दाणे. मण्यांच्या माळेसारखी गाठाळ नळी. यकृतापासून पोटाच्या भिंतीपर्यंत ताणलेल्या पातळ तारा. गर्भाशयातून निळे औषध सोडले की निरोगी नळीच्या टोकातून ते झरकन बाहेर सांडते; इथे नळी जागोजागी फुगते, मध्ये आवळलेली राहते आणि निळी पडते. एम्सचे प्रा. जे. बी. शर्मा यांनी या दृश्याला ‘निळा अजगर’ म्हटले. अशा खुणांची त्यांनी बारकाईने यादी केली आहे. एकदा फोटो पाहिला की ती उपमा विसरता येत नाही.

नळ्यांच्या एक्स-रेमध्येही अशी चित्रे दिसतात: शिशाच्या नळीसारखी ताठ नळी, आत कापसाचे बोळे असावेत तशी सावली, तंबाखूच्या बटव्यासारखे टोक. वाचून हसू येते, पण ही चित्रे दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. आणि टीबीचा दाट संशय असताना हा एक्स-रे करू नये, कारण दाबाने औषध सोडल्यावर निद्रिस्त आजार पेटू शकतो.

दुर्बीण म्हणजे भूल, खर्च, आणि पोटात सगळे चिकटलेले असेल तर आतड्याला इजा होण्याचा धोका. तेव्हा ती सरसकट नको. पण जिथे पीसीआर पॉझिटिव्ह आणि नळ्यांबद्दल शंका, तिथे सहा महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा एका दिवसाची दुर्बीण परवडते. एकच अट: दाणा दिसला तर त्याचाही तुकडा घ्यावा, आणि तोही दोन बाटल्यांत. नुसत्या दिसण्यावर समाधान मानले तर औषधे चालतील की नाही हे कळायची संधी हातची जाते.

गोळ्या

निदान ठरल्यावर उपचार सोपे आहेत. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रोज, वजनानुसार, एकत्रित गोळीतून. ३५ ते ४९ किलोच्या बाईला रोज तीन गोळ्या. पूर्वी नऊ महिने, वर्षभर देण्याची पद्धत होती, अजूनही काहीजण ‘गर्भाशयाचा आहे म्हणून’ कोर्स लांबवतात. एम्समध्ये १७५ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचणीत सहा आणि नऊ महिन्यांच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या आजाराला सहा महिने पुरतात.

लघवी केशरी होते, घाबरू नये. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, यकृताचा प्रश्न असू शकतो. दिसायला धूसर झाले, रंग ओळखता येईनासे झाले तरी तसेच, तो इथॅम्ब्युटॉलचा परिणाम असू शकतो. आणि एक गोष्ट जी फार कमी वेळा सांगितली जाते: कोर्स चालू असताना गर्भ राहू नये म्हणून घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रिफाम्पिसिनमुळे निष्प्रभ होतात. या आजारात तांबीही बसवत नाहीत. म्हणजे निरोध. मूल हवे म्हणून आलेल्या जोडप्याला हे सांगणे अवघड जाते हे खरे. कोर्समध्येच दिवस राहिले तर मात्र गोळ्या बंद करू नयेत; ही चारही औषधे गरोदरपणात चालतात.

कोर्सनंतर

इथे जोडप्यांची सर्वांत मोठी निराशा होते. गोळ्या संपल्या की मूल होईल, असे त्यांना वाटलेले असते, कधी कधी सांगितलेलेही असते. गोळ्या जिवाणू मारतात. वळलेला व्रण त्या सरळ करत नाहीत. भारतातल्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, उपचारानंतर गर्भधारणा सुमारे एकोणीस टक्के स्त्रियांत झाली आणि जिवंत मूल हाती आले ते सुमारे सात टक्क्यांत. एम्सच्या चाचणीत दोन्ही गटांत पाचातल्या एकीहून थोड्या जास्त जणींना दिवस राहिले. आजार लवकर पकडलेल्या, नळ्या शाबूत असलेल्या स्त्रियांचे निकाल याहून बरे असतात, पण त्या कमी.

नळ्या बंद आणि अस्तर चांगले, अशा बाईला आयव्हीएफचा रस्ता मोकळा आहे. तंत्रच मुळात बंद नळ्यांसाठी जन्माला आले. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्या नळ्या बंद होत्या. नळी पाण्याने फुगलेली असेल तर ती आधी काढावी किंवा बांधावी, कारण ते पाणी गर्भाशयात उतरून गर्भ रुजू देत नाही. नळ्या दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया या आजारात करू नये, यावर बहुतेकांचे एकमत आहे. अंडाशयाला झळ बसून बीजांचा साठा घटला असेल तर उशीर करू नये.

अस्तर जळाले असेल तर आयव्हीएफही हात टेकते. गर्भाशयातली चिकटण दुर्बिणीतून सोडवता येते, पण टीबीची चिकटण पुन्हा धरते. अस्तर पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे जात नसताना आयव्हीएफची एकामागून एक सायकल करत राहणे हा मला या साऱ्या व्यवहारातला सर्वांत क्रूर भाग वाटतो. तिथे स्पष्ट बोलावे. सरोगसी २०२१ च्या कायद्यानंतर फक्त परोपकारी स्वरूपात आणि वैद्यकीय कारणासाठी आहे, तिची कागदपत्रे लांबलचक आहेत. दत्तक घेण्याची प्रतीक्षायादी वर्षांची आहे. जोडप्याला हे आधी कळले तर ते पैसे आणि वर्षे कुठे घालवायची ते ठरवू शकतात.

उलट टोकाची चूकही आहे. टीबी न शोधताच आयव्हीएफ केले, गर्भ राहिला, आणि गरोदरपणात आईचा सुप्त आजार सर्वांगात पसरला किंवा बाळ जन्मतःच टीबी घेऊन आले, अशा घटना अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. त्या थोड्या आहेत. पण त्यातली बाळे वाचणे कठीण असते. टीबीच्या देशात नळ्या बंद असलेल्या बाईचा तुकडा न तपासता गर्भ आत सोडणे योग्य नव्हे.

घर आणि कार्यक्रम

हा टीबी खोकल्यातून पसरत नाही. घरच्यांना त्याचा धोका नाही, ताट-वाटी वेगळी करायचे कारण नाही. तरी मूल होत नाही आणि वर टीबी, असे दोन्ही डाग एकाच बाईवर बसतात. माहेरून आणलेला आजार म्हणून तिला बोलणी खावी लागतात. संसर्ग कुठल्या वर्षी, कोणाकडून झाला हे सांगायला कोणतीही तपासणी नाही, हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावे. औषधांहून त्या दहा मिनिटांची गरज कधी जास्त असते. टीबीची नोंद करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झाली की आरोग्य कर्मचारी घरी येतात. कधी यावे, कोणाशी बोलावे, हे बाईला विचारून ठरवता येते, आणि तसे मागण्याचा तिला हक्क आहे.

खासगी वंध्यत्व केंद्रांत दिलेले अनेक कोर्स मात्र या नोंदणीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर चढतच नाहीत. पीसीआरवर दिलेल्या गोळ्यांची नोंद झाली असती, तर किती जणींना दिल्या, किती जणींना दिवस राहिले, याचा हिशेब देशाकडे एव्हाना असता आणि वाद बराचसा मिटला असता. फर्टिलिटी सेंटरच्या नोंदणीला ही अट जोडायला हरकत नसावी.

वाचकांपैकी कोणी या वाटेवर असेल तर एवढे करा. तुकडा घ्यायच्या आधी तारीख पाळीशी जुळवून मागा आणि सलाइनची बाटली ठेवायला सांगा. एका पीसीआरवर गोळ्या सुचवल्या तर आणखी कशाचा आधार आहे ते विचारा, आणि आधार नसेल तर दुसरे मत घ्या. निदान पक्के असेल तर गोळ्या विकत घेऊ नका: फुप्फुसाबाहेरच्या टीबीचा पूर्ण कोर्सही सरकारी केंद्रात मोफत मिळतो, खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात, आणि चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे.